शेवटची बस आधी, खोली नंतर: सुट्टीतल्या नोकरीसाठी पर्वरी-सुकूरला राहायला जाताना

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्याच पेडणे, सत्तरी, काणकोणहून किंवा सीमेपलीकडच्या सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरहून कामाला येणारी मुलं-मुली आधी पणजी-म्हापशात खोली शोधतात. तिथलं भाडं ऐकलं की ती शहराला लागून असलेल्या शांत वस्त्यांकडे वळतात. पर्वरी, सुकूर, बेती, मेरशी, रायबंदर, ताळगाव आणि मडगावच्या बाजूला फातोर्डा, नावेली या त्या वस्त्या. इकडे यायचा निर्णय चांगलाच आहे. झाडी आहे, रात्री झोप लागते, घरमालक बहुधा त्याच आवारात राहतो. गडबड होते ती खोली बघायला जायच्या वेळेमुळे. सकाळी अकराला जाऊन खोली पसंत केली जाते आणि त्या वेळी बस मिळते, दुकानं उघडी असतात, वाटेवर माणसं दिसतात. काम सुटतं मात्र रात्री नऊला. म्हणून पहिला प्रश्न शेवटच्या बसचा विचारा आणि भाड्याचा त्यानंतर.

इथे उदाहरण पर्वरी-सुकूरचं घेतलं आहे, कारण पणजी आणि म्हापसा दोन्हीकडे कामाला जाणाऱ्यांना हा भाग मध्यावर पडतो. हिशेब बाकीच्या वस्त्यांनाही तोच लागू पडतो.

कामाचं बोलणं

फोनवर "या, काम आहे" एवढं ऐकून सामान बांधू नका. पगार, कामाचे तास, सुटायची वेळ, साप्ताहिक सुट्टी, जेवण मिळणार की नाही आणि पगाराची तारीख, या सहा गोष्टी नेमणूकपत्रात नाहीतर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सुटायची वेळ "आठ-साडेआठ" अशी मोघम सांगितली, तर दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजणं, लादी पुसणं, शटर ओढणं यात आणखी किती वेळ जातो ते विचारा. हा अर्धा तासच बस चुकवतो. मुलींना रात्री उशिरापर्यंत कामावर ठेवायचं असेल तर त्यांच्या जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची असते. ते पहिल्याच भेटीत, न लाजता विचारावं.

किमान वेतन कामाच्या प्रकारानुसार ठरतं. अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा श्रेणी असतात आणि दर वेळोवेळी बदलतात. पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. चालू दर तिथे कळतो आणि पगार थकला तर तक्रारही तिथेच करता येते. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर "फक्त नोकरीसाठी" असं लिहून तारीख टाकून सही करा. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, शॅकचा हंगाम ३१ मेला संपतो. जूनचा पगार त्यात धरू नका.

आता पैशांचं. समजा १५ एप्रिलला कामावर लागलात आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होतो. तर ७ मेला हातात येतो तो अर्ध्या महिन्याचा. पूर्ण महिन्याचा पहिला पगार ७ जूनला, म्हणजे परत निघायच्या सुमाराला. त्यामुळे घरून निघताना अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचं भाडं आणि किमान २५ दिवसांचं जेवण-प्रवास एवढे पैसे जवळ हवेत. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम सोडून परत जाणाऱ्यांपैकी अनेकांना काम जड गेलेलं नसतं, त्यांच्याजवळचे पैसे संपलेले असतात.

दोन महिन्यांसाठी खोली कोण देतो

घरमालकाला ११ महिन्यांचा करार हवा असतो, तुम्हाला खोली आठ आठवड्यांसाठी हवी असते. म्हणून स्वतंत्र फ्लॅटच्या मागे लागू नका. तीन वाटा बऱ्या. एक, नोकरी देणाऱ्याकडेच राहायची सोय आहे का ते विचारणं. दुसरी, पेइंग गेस्ट. तिसरी वाट फारशी कुणाला सुचत नाही. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), त्यामुळे त्या पट्ट्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या भरपूर आहेत. परीक्षा आटोपली की मुलं घरी जातात, खाट रिकामी पडते आणि भाडं मात्र चालू राहतं. अशा मुलाची जागा दोन महिन्यांसाठी घ्यावी. मात्र घरमालकाच्या संमतीनेच, त्यांच्या अपरोक्ष नाही.

अनामत जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढी ठरवा. पावतीवर किती दिली, कधी परत मिळणार आणि कशासाठी कापली जाऊ शकते, हे तिन्ही लिहिलेलं असू दे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं घरमालकाला बंधनकारक आहे. तुमच्याकडे आधारची प्रत, फोटो आणि घरचा पत्ता मागितला तर बिचकू नका. उलट जो मालक "त्याची काही गरज नाही" म्हणतो, त्याच्याकडे जरा सांभाळून.

बोलताना नातं जोडून बोला. हिंदू घरात काका-काकी, ख्रिस्ती घरात अंकल-आंटी चालतं. पर्वरीत मराठी सगळ्यांना कळते. तरी निघताना "देव बरें करूं" म्हणालात तर घरातल्या वडीलधाऱ्यांना मनापासून बरं वाटतं. राहायला आल्यावर मित्र रात्री थांबू शकतात का, मासे-मटण शिजवलेलं चालेल का आणि फाटकाला कुलूप किती वाजता लागतं, हे तीन प्रश्न आधीच विचारून मोकळे व्हा. भांडणं बहुतेक यांच्यावरूनच होतात.

खोलीत उभं राहून काय बघायचं

वीज. खोलीला वेगळा सब-मीटर असेल तर पहिल्याच दिवशी आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवा. मग खोलीतली सगळी बटणं बंद करा आणि मीटरसमोर दोन मिनिटं उभे राहा. मीटरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर अंगणातला दिवा, पाण्याचा पंप किंवा शेजारच्या खोलीतलं काहीतरी तुमच्या मीटरवर चालतंय. हे पहिल्या दिवशी दाखवलंत तर दुरुस्त होतं, महिन्याचं बिल आल्यावर दाखवलं तर वाद होतो. हिशेब सोपा आहे. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालला तर दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट. दीड टनाचा एसी साधारण एका तासात दीड युनिट खातो. पंख्याच्या खोलीत राहणाऱ्याला शंभराच्या वर युनिट आले तर कुठेतरी चूक आहे.

जुन्या घरांतला नेहमीचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर साधारण १३०० वॉटपर्यंतचाच भार चालतो. १२०० वॉटची किटली एकटी चालेल. २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावलीत तर प्लग तापून पिवळा पडतो, वास येतो आणि शेवटी सॉकेट जळतो. मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा सॉकेट खोलीत नसेल तर इंडक्शन आणूच नका.

पाणी. पर्वरी सड्यावर, म्हणजे उंच पठारावर वसलेली आहे. पर्वरी ज्यात येते त्या बार्देश तालुक्याला बरंचसं पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं. उन्हाळ्यात मागणी वाढली की उंचावरच्या नळांना दाब कमी पडतो, म्हणून "नळ आहे" या उत्तराने समाधान मानू नका. नळ किती वाजता येतो, किती वेळ, टाकी किती लिटरची, ती किती जणांत आणि टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे विचारा. आंघोळ, शौचालय, कपडे मिळून माणशी दिवसाला १०० लिटर धरा. १००० लिटरची टाकी पाच जणांत म्हणजे दोन दिवस. पाणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी सगळे बादल्या घेऊन विहिरीवर. विहिरीचं पाणी वापरायला उत्तम, प्यायचं तर उकळून. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर अंगावर घेववत नाही इतकं तापतं. संध्याकाळी आंघोळ करायची असेल तर सकाळीच बादली भरून सावलीत ठेवा.

छप्पर. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. कौलारू खोली रात्री लवकर निवते, पण मेअखेरच्या पहिल्या पावसात गळू शकते. वर बघा. भिंत आणि छप्पर मिळतं तिथे तपकिरी ओघळ दिसले तर खाट त्या भिंतीला लावू नका. चिऱ्यांच्या जाड भिंतींत मोबाइलची रेंज मरते. दार लावून, खाटेवर बसून एक फोन करून बघा.

रात्रीची चाचणी

भाडं ठरवण्याआधी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवाच. कामाच्या जागेवरून, ज्या वेळी खरोखर सुटणार त्याच वेळी निघा आणि त्या खोलीपर्यंत या. रविवारी काम असेल तर ही चाचणी रविवारीच करा, कारण रविवारी खासगी बसगाड्या कमी धावतात. थांब्यावर किती वेळ गेला आणि थांब्यापासून दारापर्यंत चालत किती मिनिटं लागली, हे घड्याळ लावून मोजा. दहा मिनिटांपर्यंत ठीक. वीस मिनिटं लागत असतील तर भाडं कितीही कमी असलं तरी पावसाळी रात्री तो रस्ता नकोसा होतो. वाटेत दिवे किती खांबांवर पेटतात ते बघा. अशा वस्त्यांतली बरीच घरं बंद असतात, मालक परदेशात किंवा मुंबईत. दिवसा ती गल्ली शांत आणि सुंदर वाटते, रात्री त्याच गल्लीत शंभर पावलं एकही खिडकी उजळलेली नसते आणि कुत्री मागे लागतात. हातात बॅटरी हवी, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका.

पणजी-म्हापसा हा हमरस्ता असल्याने त्यावर दिवसभर बस मिळतात. अडचण हमरस्ता सोडून आत सुकूर-तोर्ड्याच्या बाजूला वळलं की सुरू होते, कारण तिकडे फेऱ्या मोजक्या. संध्याकाळी साडेसातनंतर खासगी बसगाड्या झपाट्याने कमी होतात. कंडक्टरलाच विचारा, "शेवटची कितीला?" आणि शेवटच्या आधीची कितीला तेही. दिवस आखायचा तो शेवटच्या आधीच्या बसवर. शेवटची बस प्रवासी कमी असले तर कधी येतच नाही. २०२४ पासून पर्वरीच्या महामार्गावर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं. ते चालू असेपर्यंत सकाळच्या वेळी पणजीला जायला अर्धा तास जास्त धरा. पणजीत काम आणि बेतीच्या बाजूला खोली असेल तर फेरीबोट उत्तम. पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही आणि पुलावरची कोंडीही नाही.

दिवसा पायलट मिळतात. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून माणसं नेण्याची ही सोय गोव्यात परवान्यासह चालते. बसण्याआधी पैसे ठरवा. रात्री ते नाक्यावर सापडतीलच असं नाही. अडल्या वेळेसाठी गोवा माइल्सचं अ‍ॅप मोबाइलवर असू द्या आणि महिन्याला चार टॅक्सींचे पैसे अंदाजपत्रकात आधीच बाजूला काढा. तसं केलं नाही तर बस चुकल्यावर अनोळखी गाडीला हात दाखवायची वेळ येते.

स्कूटर घरून आणणार असाल तर परवाना, विमा आणि पीयूसीची मुदत आताच तपासा. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं. पणजीहून पर्वरीला येताना अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, मांडवीच्या जुन्या पुलांवरूनच यायचं. नवखे जीपीएसच्या मागे जाऊन चुकीच्या चढणीला लागतात, मग मागे फिरता येत नाही. भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भुर्दंड तुमच्यावर येतो. आणखी एक, गाडी माडाखाली लावू नका. असोला नारळ पडला तर टाकीला पोचा येतो, झावळी पडली तरी आरसा जातो.

पोदेर, भाजी आणि आंबणारी आमटी

सकाळी सहा-साडेसहाला रबरी भोंग्याचा "पों पों" आवाज येतो तो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. ते उचललं की कोंड्याचा गरम वास येतो. पाव, उंडे, कडक काकणं आणि पोळी. ही पोळी म्हणजे आपली घडीची पोळी नव्हे, कोंडा लावलेला, आतून पोकळ असलेला गोल पाव. दोन पोळ्यांत पोट भरतं. सुटे पैसे हातात घेऊनच फाटकाशी उभे राहा, तो थांबत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. सुती फडक्यात गुंडाळून ठेवा आणि रात्री तव्यावर कोरडीच शेकून घ्या.

दुपारचं जेवण कामाजवळच्या खानावळीत शीत-कडीच्या (भात आणि माशांची आमटी) थाळीवर भागतं. अडीचच्या पुढे गेलात तर चांगले मासे संपलेले असतात. रात्रीचं घरी करा. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. रोज तासभर शेगडी चालली तर तो महिनाभर पुरतो.

फ्रीज नसेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. नारळाचं वाटण घातलेलं काहीही मे महिन्यात सकाळी करून रात्रीपर्यंत टिकत नाही. पाच-सहा तासांत फेस धरतो आणि चव आंबूस लागते. पुन्हा उकळून खाणं धोक्याचं आहे. दोन वेळचं एकदम करायचं असेल तर बिनवाटणाची, फोडणीची आमटी किंवा कोरडी उसळ करा आणि खोबरं खायच्या वेळी वरून घाला. दही पाच-सहा तासांत लागतं, त्याहून जास्त बाहेर ठेवलं तर आंबट होतं. सोलं (आमसुलं) मात्र भरपूर आणा. चार-पाच सोलं ग्लासभर पाण्यात अर्धा तास भिजवून, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घालून प्यायलात तर घामाने गेलेलं मीठ भरून येतं.

भाजी गोवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बाजारापेक्षा स्वस्त मिळते, पण दहापर्यंत जा, नंतर पालेभाजी उरत नाही. सुट्टी शुक्रवारी मिळत असेल तर म्हापशाच्या बाजाराला जा, बादली, दोरी, चटई, झाडू सगळं एका फेरीत होतं. वस्तीतली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. औषध, रिचार्ज, झेरॉक्स ही कामं दुपारच्या सुट्टीत करायचा बेत आखू नका.

सामान

कमी आणा. पाच सुती शर्ट किंवा कुर्ते, दोन चादरी, स्वतःची मच्छरदाणी, बॅटरी, सहा मीटर दोरी, १० लिटरचा झाकणाचा डबा पाण्यासाठी, घट्ट झाकणाचे दोन डबे साखर आणि तांदळासाठी. मुंग्या एका रात्रीत सापडतात. छत्री एप्रिलमध्येच आणा. इथे पावसाळा साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळीव मेमध्येच गाठतो आणि त्याच्या आधी वीज जाते. वीज तक्रारीचा क्रमांक १९१२, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२. पहिल्या पावसाच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात डांबरावरचं तेल आणि लाल माती मिळून रस्ता साबणासारखा होतो. त्या वेळी स्कूटर बाजूला लावून थांबा. पावसानंतर दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर गोळ्या घेत बसू नका, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. डेंग्यूचे दिवस तेव्हाच सुरू होतात. तळमजल्यावर राहत असाल तर दाराखालच्या फटीला गोणपाट लावा, पावसात साप-विंचू कोरडी जागा शोधतात.

कचरा पंचायतीची गाडी नेते, ओला वेगळा, सुका वेगळा, ठरलेल्या दिवशी. वार घरमालकाला विचारून दाराच्या मागे लिहून ठेवा. कुंपणाजवळ टाकलेली एक पिशवी शेजाऱ्यांशी कायमचा दुरावा आणते.

निघायच्या आधीचे पंधरा दिवस

काम सोडायची तारीख १५ दिवस आधी लेखी कळवा आणि त्याच निरोपात अनुभवाचं पत्र मागा. पुढच्या वर्षी मागितलं तर मॅनेजर बदललेला असतो. उरलेला पगार कोणत्या तारखेला खात्यावर येणार ते लिहून घ्या. घरमालकालाही तेव्हाच सांगा. मेच्या शेवटी बाजारात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची लगबग असते, सोलं, मिरच्या, सुके बांगडे तेव्हा चांगले मिळतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे घरी न्यायचं ते त्याआधीच घ्या. शेवटच्या सकाळी खोली झाडून घरमालकाला बोलवा, सब-मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघून फोटो काढा, विजेचा हिशेब तिथेच चुकता करा. अनामत हातात किंवा खात्यावर आली की मग किल्ली द्या.